आज कोणाचं ऐकलंस?

आमच्या शाळेत वाद्यवृंदाची तालीम सुरू झाली की माझ्या तासाचं वाटोळं होतं. माझा आठवीचा वर्ग आणि नवसू सरांची पत्र्याची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही छतापर्यंत गेलेली नाही. इकडे मी कर्तरी प्रयोग समजावत असते, तिकडून ढोल सुरू होतो आणि बाकाखाली पोरांचे पाय हलायला लागतात. मग मी डस्टर भिंतीवर आपटते. पलीकडे जरा शांतता होते आणि नवसू सरांचा आवाज येतो, "बाई चिडल्या रे. हळू वाजवा." पोरं हळू वाजवतात. ते आणखी गोड लागतं, आणि मी आणखी चिडते.

मी मराठी शिकवते. आसनगावाहून एसटीने येते आणि गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी नवसू शिद या माणसाबद्दल लिहायचं माझ्याच वाट्याला आलंय. शाळेत त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, पण रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून तेच ते गाणं ऐकायची शिक्षा फक्त मी भोगली आहे. आणि मुरबाडला जे झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सर मूळचे तानसा तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीतले. त्यांच्या आईला, बाळीबाईंना, मुलं जगत नव्हती. मग डोंगरावरच्या देवाला नवस बोलल्या आणि हे झाले, म्हणून नवसू. मी त्यांना चिडवते, नवस तुमच्या आईने केला आणि फेडतेय मी. ते हसतात. वरचे दोन दात पुढे आहेत, हसले की सगळा चेहरा पोरासारखा होतो. पन्नाशीला टेकलेत, पण शर्टाचं वरचं बटण अजून लावता येत नाही.

हायस्कूलला ते किन्हवलीत वसतिगृहावर राहिले आणि तिथल्या धाऊबुवांच्या भजनी मंडळात शिरले. धाऊबुवा दिवसा भातशेती करायचे आणि गुरुवारी भजन. शिकवायची त्यांची रीत विचित्रच होती. नवीन पोरगा आला की त्याला वाद्याला हात लावू द्यायचे नाहीत. "हात मांडीखाली घाल आनि आईक," म्हणायचे. भजन संपलं की चहा यायचा, आणि चहा देताना बुवा एकेकाला विचारायचे, "आज कोनाचा आईकलास?" मग प्रत्येकाने सांगायचं, मी टाळवाल्या काकांचं ऐकलं, मी मागच्या आजोबांच्या आवाजाचं ऐकलं. जो म्हणेल 'मी माझंच ऐकलं', त्याला चहा नाही. नवसू सर पहिल्या वर्षी किती गुरुवार बिनचहाचे राहिले, ते बाळीबाई अजून सांगतात.

आता यावरून कोणाला वाटेल की असा शिष्य मास्तर झाल्यावर पहिल्या दिवसापासून शहाणा असणार. छे! माणूस शिकतो एक आणि शिकवतो भलतंच. आमच्या शाळेत सर तासिकेवर लागले, कार्यानुभव आणि संगीत मिळून, आणि पहिली काही वर्षं त्यांनी पोरांचा नुसता पिट्टा पाडला. पुढे उभे राहून दोन्ही हात हवेत फेकायचे, पाय आपटायचे, चुकलेल्याकडे असे डोळे वटारायचे की पोरगं पुढच्या ओळीलाही चुकायचं. मी भिंतीपलीकडून ऐकायचे ते गाणं नव्हतंच. एक माणूस ओरडतोय आणि बारा-तेरा पोरं त्याला घाबरून वाजवताहेत, एवढंच कळायचं. तेव्हा मी डस्टर खरंच रागाने आपटायचे.

मग एक दिवस पेटीवर बसणाऱ्या सूरजने सरांच्याच मोबाइलवर तालमीचा व्हिडिओ काढला. त्याला आपली बोटं कशी पडतात ते बघायचं होतं. त्या संध्याकाळी माझी एसटी नेहमीप्रमाणे आली नाही. सर फाट्यावर मोटारसायकल लावून माझ्याशेजारी बाकड्यावर बसले आणि तो व्हिडिओ बघायला लागले. पूर्ण बघितला, पुन्हा पहिल्यापासून लावला.

"बाई, ही पोरं माझ्याकडंच बघतात."

"मग कोणाकडे बघणार? तुम्ही सर आहात."

"एकमेकांचं कुनीच ऐकत नाय. आनि ऐकनार कसं? मीच तर बोंबलतोय." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात त्यांचाच चेहरा मोठा दिसत होता, तोंड वाकडं, कपाळाची शीर फुगलेली. "असा दिसतो मी?"

मी खरं बोलणारी बाई. म्हटलं, "रोज."

माझी एसटी आली आणि मी निघाले. दुसऱ्या दिवसापासून सर खोलीत मागे जाऊन बसले, पोरांच्या पाठीमागे, हात मांडीखाली. पुढची जागा रिकामी.

तो महिना मी विसरणार नाही. एवढा भयानक आवाज आमच्या शाळेत ना त्याआधी झाला होता ना त्यानंतर झाला. कोण कधी सुरू करतोय, कोण कधी थांबतोय, कशाला काही धरबंद नाही. हेडसर माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, त्यांना समजावा, तुमचं ऐकतात." मी समजावलंही. म्हटलं, सर, तुम्ही बसलात आणि गाडी रुळावरून घसरली. ते म्हणाले, "घसरू दे. ती रुळावर नव्हतीच. मी ढकलत होतो."

आणि तालीम संपली की गोल. धाऊबुवांकडे चहा होता, इथे शेंगदाण्याची चिक्की. प्रश्न तोच. "आज कोणाचं ऐकलंस?" पोरांना प्रश्नच कळेना. पहिले काही दिवस सगळी म्हणायची, "सर, तुमचं." सर म्हणायचे, मी वाजवलंच नाय तर माझं कसं ऐकलं? मग हळूहळू उत्तरं यायला लागली. सूरज म्हणाला, मीना गाताना श्वास घेते तो ऐकला. मीना म्हणाली, रितेशची झांज मागून येते, ती माझी वाट बघते. भिंतीपलीकडे मी वह्या तपासत असायचे आणि त्या उत्तरांसाठी माझं पेन थांबायला लागलं. एवढी वर्षं निबंध शिकवला, पण असं वाक्य माझ्या वर्गात कोणी लिहिलं नव्हतं. हेवा वाटला, सांगून टाकते.

फाट्यावरचा व्हिडिओ मात्र चालूच राहिला. आता सर स्वतःला बघत नव्हते. ते विचारायचे, "बाई, यात एकटं कोण पडलंय?" मी आधी कपाळाला हात लावायचे. मग एकदा सहज म्हणून गेले, "तो कोपऱ्यातला बासरीवाला. त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही." सर माझ्याकडे असे बघायला लागले की मी पिशवीत उगाच पास शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी बासरीवाल्याला त्यांनी मधोमध बसवलं. त्यानंतर मलाही चटक लागली. एसटी वेळेवर आली तर चुकल्यासारखं वाटायचं.

रविना मुकणे सहावीत असताना सरांना सापडली ती पाण्याच्या टाकीपाशी. शाळेच्या मागे काळी प्लास्टिकची टाकी आहे. टँकर आला की नाही, पाणी किती उरलंय, हे बघायला कोणातरी पोराला पाठवायचं, आणि पोरं वर चढून झाकण उघडून डोकावतात. रविना चढायची नाही. खालून वरपर्यंत बोटांनी टकटक करत जायची आणि आवाज बदलला की थांबायची. सर व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. ती टकटक संपली तरी तिची बोटं थांबली नाहीत, टाकीच्या भरलेल्या भागावर एक आणि रिकाम्या भागावर एक असं तिचं आपलं चालूच होतं. सरांनी तिथल्या तिथे तिला हाताला धरून पत्र्याच्या खोलीत नेलं आणि ढोल दिला.

रविना कातकरवाडीतली. बारीक, काळीसावळी, बोलायला कंजूस. माझ्या तासाला 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे तिने तोंड उघडलं नसेल. पण ढोलावर बसली की बाकीची बारा पोरं तिच्या भरवशावर असायची. ती मोठ्याने वाजवायची म्हणून नव्हे. ती सगळ्यांचं ऐकायची म्हणून. मीना कधी घाबरली, सूरज कधी पळायला लागला, हे तिला आधी कळायचं आणि ती त्यांना हळूच धरून आणायची. गोलात तिला विचारलं की ती एक नाव घ्यायची नाही, बोटांवर मोजत सगळ्यांची घ्यायची. मग पोरं म्हणायची, "सर, ही सगली चिक्की खानार."

सरांनी एक गाणं बांधलं. डोंगरावरच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन बाजाराला निघतात, अर्ध्या वाटेत ओझं खाली ठेवतात, दम खातात आणि परत उचलतात, एवढंच त्यात आहे. शब्द त्यांचेच, आणि व्याकरण म्हणाल तर मी दोन ठिकाणी दुरुस्ती केलेली. ओझं खाली ठेवतात तिथे सगळी वाद्यं आणि सगळे आवाज थांबतात. एकटा ढोल चालतो, हलका, बाईच्या छातीत दम भरतो तसा. मग ओझं वर, आणि सगळी एकदम परत. तिथे कोणी इशारा द्यायचा नाही. रविनाचं ऐकायचं आणि उठायचं. ती जागा पहिल्यांदा जमली त्या दिवशी मी वर्गात शिकवता शिकवता थांबले, आणि माझ्या आठवीच्या पोरांनीही श्वास धरला होता.

जानेवारीत मुरबाडला वाद्यवृंदाची स्पर्धा होती. रविना तेव्हा आठवीत होती. आमच्याकडे आठवी म्हणजे उंबरठा. कातकरवाडीतली माणसं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. लहान पोरं सोबत जातात, परत आली की पुन्हा वर्गात बसतात, अर्धं विसरून. पण आठवीतली मुलगी भट्टीवर गेली की ती शाळेत परत येत नाही. मी माझ्या नोकरीत एकही आलेली पाहिलेली नाही. एक तर लग्न होऊन येते नाहीतर कडेवर भाऊ घेऊन येते आणि कुंपणाबाहेरून हसते. सरांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांना बक्षिसाची पडली नव्हती. रविना जानेवारीपर्यंत राहिली तर परीक्षेपर्यंत राहील, परीक्षेपर्यंत राहिली तर नववीत बसेल, असा त्यांचा हिशेब होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी ते वाडीवर गेले. बाई माणूस बरोबर असली तर बरं म्हणून मला नेलं. रविनाचे वडील दामू दारात बसून टोपली विणत होते. आई प्रेमा आत होती, धाकट्या पोराला घेऊन.

"दामूभाऊ, पोरीला माझ्याकडं ठेवा," सर म्हणाले. "माझी आई हाय घरात. तिच्याजवल राहील. पावसाला तुमी आले की घेऊन जा."

दामू मान खाली घालून विणत राहिले. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. "सर, तुमचा खरा हाय," ते म्हणाले. "पन आमी दोघा विटा थापाला जाऊ, तवा हा बारका कोन बघंल? मागच्या साली शेजारच्यांचा पोर चिखलाच्या खड्ड्यात गेला. ही बघते म्हनून आमचा वाचला."

मी शिक्षणाचं महत्त्व सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आतून प्रेमा म्हणाली, "नाचगान्याच्या दिवशी आनून सोडू. नायतर तिचा बाप आनंल." दामूंनी मान हलवली. "आनतो. सबद देतो."

रविना कुडाला टेकून उभी होती. सरांनी तिच्याकडे बघितलं, तिने भावाकडे. निघताना ती फक्त म्हणाली, "सर, माझा ढोल रितेशला नका देऊ तवर."

आणि सरांनी दिला नाही. इथेच चुकलं, असं मी म्हणते. रितेश झांज सोडून ढोलावर बसला, पण ओझं खाली ठेवायच्या त्या जागेला सर त्याला वाजवू देईनात. रविना जायच्या आधी सरांनी तिचं वाजवणं मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं. तालमीत ती जागा आली की सर मागून मोबाइल वर धरायचे, त्यातून रविनाचा ढोल यायचा, बारीक आणि पत्र्यासारखा, आणि पोरं तिच्यावर उठायची. मी फाट्यावर त्यांना बोलले. "सर, पोरगी आली तर सोनं. नाही आली तर? रितेशला शिकवून ठेवा."

"शिकवला तर ती येनार नाय, असं मीच पोरांना सांगितल्यासारखं होईल."

"आणि नाही शिकवला तर?"

त्यांनी मोबाइल उघडला आणि व्हिडिओ लावला. मला विचारलं नाही की एकटं कोण पडलंय.

शेवटच्या आठवड्यात मात्र त्यांनी मोबाइल वर धरणं बंद केलं. स्पर्धेत मोबाइल चालत नाही, हे त्यांनाही कळत होतं. रितेशला म्हणाले, तिथं वाजव रे, तिचं ऐकल्यासारखं वाजव. रितेश वाजवायचा, बरा वाजवायचा. गोलात विचारलं, आज कोणाचं ऐकलंस, तर म्हणायचा, "रविनाचं." सर म्हणायचे, अरे, ती कुठं हाय? तो म्हणायचा, "सर, ती वाजवते, मंग मी वाजवतो." सगळी हसायची. त्या हसण्यात मीही होते, भिंतीपलीकडून.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही टेम्पोने सरळगावावरून मुरबाडला गेलो. मुली होत्या म्हणून शिक्षिका लागते, म्हणून मी. मैदानावर मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकरवर कोणाची तरी सूचना. सर फाटकापाशी उभे राहिले ते हललेच नाहीत. दामूंचा फोन आदल्या दिवसापासून बंद होता. भिवंडीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते मान वर करून बघायचे. मी दोनदा पाणी नेऊन दिलं, दोन्ही वेळा त्यांनी बाटली हातात धरून ठेवली. सूरज येऊन म्हणाला, "सर, आपला नंबर आला." सर म्हणाले, "अजून एक गाडी बघू." मग आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं.

नियम असा की शिक्षकाने मंचावर यायचं नाही. सर समोर, तिसऱ्या ओळीत माझ्याशेजारी बसले. हात मांडीखाली.

गाणं छान सुरू झालं. मला गाण्यातलं कळत नाही असं मी वर लिहिलं, ते आता तितकं खरं नाही. मीनाचा आवाज मोकळा होता, सूरज पळत नव्हता, बासरी मधून निघून सगळ्यांत मिसळत होती. बाया डोंगर उतरत होत्या. परीक्षकांतल्या एकाने डोकं हलवलं. मग ओझं खाली ठेवायची जागा आली. सगळी थांबली.

रितेशचा हात वर गेला आणि वरच राहिला.

मला वाटलं विसरला. पण त्याचा चेहरा विसरल्यासारखा नव्हता. तो ऐकत होता. मान जराशी कलती, डोळे रिकाम्या पुढच्या जागेवर, ती वाजवते मग मी वाजवतो म्हणणारा तो पोरगा खरंच तिच्या वाजवण्याची वाट बघत होता. आणि बाकीची अकराही तशीच. कोणी कोणाला ढोसलं नाही, कोणी विंगेकडे बघितलं नाही. सरांकडेही बघितलं नाही. भर मांडवात नुसती शांतता. मागे कोणीतरी हसलं. सर खुर्चीत पुढे वाकले, हात मांडीखालून निघाले होते आणि कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. पंधरा पावलांवर मंच होता आणि ते काहीही करू शकत नव्हते.

मग सगळी एकदम उठली. बाराच्या बारा, एका क्षणी, रविना वाजवून संपवायची नेमक्या त्या ठिकाणी, ओझं डोक्यावर घेऊन. कोणाचा आवाज पुढे नाही, कोणाचं वाद्य मागे नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. टाळ्या पडल्या त्या दयेच्या होत्या.

परीक्षकांनी नंतर मंचावरून सगळ्या संघांना चार गोष्टी सांगितल्या. आमच्याबद्दल म्हणाले, तयारी चांगली होती, पण मध्येच वादन थांबलं, मुलं गोंधळली, शिक्षकांनी अशा जागा पक्क्या करून घ्याव्यात. ते चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांना काय दिसलं तेच त्यांनी सांगितलं. पण मला त्या क्षणी मंचावर जाऊन त्यांच्या हातातला माइक काढून घ्यावासा वाटला.

मैदानाच्या कडेला एका शिरीषाखाली पोरं आपणहून गोल करून बसली. चिक्कीची पिशवी माझ्याकडे होती. सर आले, बसले, आणि प्रश्न विचारेनात. मग मीनाच म्हणाली, "मी रविनाचं ऐकलं." सूरज म्हणाला, "मीपन." बासरीवालाही तेच म्हणाला. रितेश रडत होता, त्याने नुसती मान हलवली. एकामागून एक सगळ्यांनी तेच नाव घेतलं आणि गोल फिरून सरांपाशी आला.

"सर, तुमी कोनाचं ऐकलं?" मीनाने विचारलं.

सरांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, परत घातली. "मी कुनाचंच नाय ऐकलं," ते म्हणाले. "मी मात्रा मोजत होतो. मला वाटलं तुमी बुडाले."

त्यांनी त्या दिवशी चिक्की घेतली नाही. पोरांनी आग्रह केला तरी नाही. टेम्पोत मी त्यांच्यासमोर बसले होते, आणि खरं सांगते, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

स्पर्धेतला तो व्हिडिओ मी माझ्या मोबाइलवर काढला होता. सरांनी मागितला आणि दामूंच्या बंद फोनवर पाठवून दिला. एक टिक, दुसरी येईना. रोज फाट्यावर ते उघडून बघायचे. मी म्हणायचे, भट्टीवर चार्जिंग नसेल. ते म्हणायचे, हो, नसेल. शिमग्याच्या सुमाराला एका संध्याकाळी त्यावर दुसरी टिक आली, ती निळी झाली, आणि थोड्या वेळाने आवाजी निरोप आला. सरांनी मोबाइल माझ्या आणि त्यांच्या मध्ये, बाकड्यावर ठेवला.

मागे ट्रकचा आवाज होता आणि लहान मूल रडत होतं. मग रविना. वर्गात जी कधी दोन वाक्यं सलग बोलली नाही, ती.

"सर, बाबाचा फोन बिघडला होता. त्या दिवशी भट्टी पेटवाची होती, मालकानी सोडला नाय. मी गाना आईकला. दोनदा आईकला. मीना भारी गायली. सूरज पलला नाय. बासरी मधीच ठेवलीव ता बरा केलाव. सगल्यांचा आईकला सर. माझा नाय आईकला." इथे ती थांबली. मूल रडत होतं, त्याला काहीतरी पुटपुटली. "ती जागा रिकामी नका ठेवू सर. रितेशला द्या ढोल. मी आता नाय येनार."

निरोप संपला. माझी एसटी समोरून आली, थांबली, कंडक्टरने हाक मारली. मी नको म्हणून हात केला आणि ती गेली.

सरांनी निरोप पुन्हा लावला नाही. एरवी प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावणारा माणूस. मोबाइल हातात घेऊन उत्तर द्यायला अंगठा बटणावर धरला, सोडला, परत धरला.

"काय पाठवू, बाई?" ते म्हणाले. "तुमी मराठी शिकवता. तुमी सांगा."

मी पिशवीत उगाच पास शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे ती जागा आली तेव्हा रितेशने ढोल वाजवला, पूर्ण, कुठेही न थांबता, आणि सगळी त्याच्यावर उठली. मी डस्टर आपटलं नाही. तालीम संपली, गोल झाला, चिक्कीचा कागद वाजला. सरांनी त्या दिवशी प्रश्न विचारला नाही.